वस्तीवरचं मांजर

‘आमच्या वस्तीला मांजर लाभत नाही,’ असं मळ्यात राहणारी माणसं हमखास सांगतात. पिल्लू आणलं, महिनाभर बागडलं, मग एक दिवस खाणं सोडलं आणि गेलं. दुसरं आणलं, तेही गेलं. तिसरं चांगलं मोठं झालं, पण एका रात्री बाहेर पडलं ते परतलंच नाही. यात नशिबाचा काही भाग नसतो. प्रत्येक मरणाला कारण असतं, आणि त्यातली बहुतेक कारणं टाळता येतात. गाईला वैरण कोण घालणार, शेळ्या कोण सोडणार, दिवेलागणीला कोंबड्या कोण कोंडणार, हे वस्तीवर ठरलेलं असतं. मांजराचं मात्र कुणी काही ठरवत नाही. ते आपलं आपण उंदरांवर जगेल, असं धरून चाललेलं असतं. मांजर टिकवायचं असेल तर हे आधी सोडून द्यायला हवं. तेही आपल्या दावणीचं जनावर आहे, असं मानूनच ते पाळावं.

त्याच्याकडून काय मागावं

बहुतेक जण मांजर आणतात ते उंदरांसाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण ते कुठवर पुरं पडतं हे आधी कळलेलं बरं. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी शेतवाड्यांवरच्या मांजरांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं : आधी उंदीर मारून जागा साफ केली आणि मग तिथे मांजरं ठेवून त्यांना रोज दूध दिलं, तर उंदरांना तिथे पुन्हा बस्तान बसवता येत नाही. मात्र जिथे उंदीर आधीच माजलेले असतात, तिथे मांजरं त्यांचा नायनाट करू शकत नाहीत. शिवाय त्यांचा धाक इमारतींच्या आसपासच राहतो, दूरच्या रानात पोचत नाही. आपल्याकडचा अनुभवही याहून वेगळा नाही.

म्हणून मांजर आणण्याआधी धान्याची खोली हाती घ्या. पोती जमिनीवर नकोत. ती फळ्यांवर रचा आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे मागे बिळं झाली तर दिसतील आणि मांजरालाही तिथे शिरता येईल. ज्वारी-बाजरी पत्र्याच्या कोठीत गेली तर फारच उत्तम. दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बंद करा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून चिंगळी उंदीर सहज आत येतो. पेंडीचं पोतं रात्री उघडं ठेवू नका. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते. खायला मुबलक असेल तर तिच्या वेगाला कुठलंही मांजर पुरं पडणार नाही.

घुशीचं काम वेगळं. पूर्ण वाढलेली घूस किलोभराची असू शकते आणि कोंडीत सापडली की उलटून चावते. शहाणं मांजर तिच्या वाटेला जात नाही. तिच्यासाठी पिंजराच लावा. शेतातल्या उंदरांसाठीही मांजरावर विसंबू नका. तिथे धामण आणि गव्हाणी घुबड हे तुमचे खरे राखणदार आहेत. धामण दिसली की काठी घेऊन धावणं आणि घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलणं थांबवलं, तर एखाद्या मांजराहून जास्त काम फुकट होईल.

विष ठेवणार असाल तर मांजर ठेवू नका

या बाबतीत मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. बाजारात मिळणारी काळी भुकटी म्हणजे झिंक फॉस्फाइड. ते पिठात किंवा भज्यात मिसळून ठेवतात, आणि भजं उंदरासाठी आहे की आपल्यासाठी हे मांजराला कळत नाही. पोटात गेल्यावर त्याचा फॉस्फीन वायू होतो आणि मग करण्यासारखं फार थोडं उरतं. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचं विष सावकाश काम करतं. उंदीर ती खाऊन चार-पाच दिवस फिरत राहतो, सुस्त होतो, आणि सुस्त उंदीर मांजराला सर्वांत आधी सापडतो. असे उंदीर खाण्यात आले की मांजराचं रक्त गोठेनासं होतं. हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून किंवा लघवीतून रक्त जाणं, धाप लागणं असं काही दिसलं तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. यावर व्हिटॅमिन के-१ चा उपचार आहे आणि तो वेळेत मिळाला तर मांजर वाचतं. नेताना विषाचं वेष्टनही सोबत न्या.

तेव्हा क्रम असा ठेवा. विष वापरायचंच असेल तर ते मांजर येण्याआधी वापरा, मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, उरलेलं आमिष उचला, काही आठवडे जाऊ द्या आणि मगच मांजर आणा. त्यानंतर फक्त पिंजरे. शेजारच्या वस्तीलाही हे सांगून ठेवा, कारण मांजराला बांध कळत नाही. धान्यात गोळ्या ठेवून धुरी देणार असाल तर मांजर त्या खोलीत राहिलं नाही ना, हे स्वतः आत जाऊन, पोत्यांमागे पाहून खात्री केल्याशिवाय गोळ्यांचा डबा उघडू नका. त्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसालाही तेवढाच घातक आहे. घराला लागून असलेल्या खोलीत ही धुरी देऊच नका.

पिल्लू निवडताना आणि आणताना

दोन महिन्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. शिकार ते आईकडून शिकतं, त्यामुळे जिची आई उंदीर धरते तिचं पिल्लू पाहावं. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत माणसांचा हात लागलेलं पिल्लू पुढे माणसाळलेलं राहतं. तसं झालं नाही तर आजारात त्याला पकडणंही कठीण जातं. एकाऐवजी दोन आणा, शक्यतो एकाच वेताची. ती एकमेकांत रमतात आणि भटकत नाहीत. वस्तीला दोन मांजरं पुरे होतात.

वाट कळू नये म्हणून पोत्यात घालून मांजर आणायची जुनी पद्धत आहे. ती सोडून द्या. उन्हात, गाडीवर, बंद पोत्यात पिल्लू गुदमरतं. झाकणाची टोपली घ्या आणि आत जुनं फडकं घाला. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे ते धान्याच्या खोलीतच कोंडून ठेवा. आत पाणी, खाणं, झोपायला खोकं आणि कोपऱ्यात कोरड्या मातीचं घमेलं असू द्या. रोज ठरलेल्या वेळी ताटली वाजवून खायला द्या. एकदा त्या आवाजाची सवय लागली की मांजर कुठेही असो, हाकेला येतं. वस्तीवर कुत्रा असेल तर पहिली ओळख साखळीवर धरूनच करून द्या आणि मांजराला पळून चढायला माळा किंवा उंच फळी ठेवा.

आता त्या ‘न लाभण्या’बद्दल. पिल्लामागून पिल्लू मरतं, तिथे बहुतेकदा दोष पॅनल्यूकोपेनिया नावाच्या विषाणूचा असतो. ताप येतो, उलट्या होतात, संडास पातळ होते. पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, पण पीत नाही. दोन-चार दिवसांत ते जातं. हा विषाणू फार चिवट आहे. पोत्यांत, फडक्यांत, जमिनीच्या भेगांत तो वर्षभर तग धरतो, आणि साध्या साबणाने मरत नाही. त्याच जागी नवं पिल्लू आणलं की त्यालाही तेच होतं, आणि वस्तीवर नाव मात्र नशिबाचं घेतलं जातं. उपाय लसीचा आहे. आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, आणि पशुवैद्य सांगतील तर चौथ्या महिन्यात तिसरी. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि पुढे दरवर्षी. ज्या घरात असं पिल्लू गेलं असेल तिथली फडकी जाळून टाका, फरशी आणि भांडी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने धुऊन कोरडी करा आणि नवं पिल्लू लस घेतल्यावरच घरात आणा.

उपाशी मांजर जास्त उंदीर धरत नाही

‘पोटभर घातलं तर आळशी होईल’ हा समज खेड्यापाड्यांत घट्ट बसला आहे, आणि तो चुकीचा आहे. शिकारीची ओढ केवळ भुकेतून येत नाही. पोट भरलेलं मांजरही उंदरावर झेपावतं. उपाशी मांजर मात्र वस्ती सोडून दुसऱ्याच्या चुलीपाशी जातं, कोंबड्यांची पिल्लं उचलतं आणि आजारी पडतं. एल्टन यांच्या पाहणीतही दूध मिळणारी मांजरंच जागेवर टिकून राहिली होती.

पण नुसती दूध-चपाती म्हणजे जेवण नव्हे. मांजर हे पूर्णपणे मांसाहारी जनावर आहे. टॉरीन नावाचा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो प्राणिज खाण्यातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय दुबळं होतं. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध नीट पचतही नाही आणि हगवण लागते. घरात मांसाहार होत असेल तर कोंबडीची काळीज-पेटी, मासळीची डोकी उकडून काटा काढून, उकडलेलं अंडं असं द्या. शिजवलेली हाडं देऊ नका, ती फुटून घशात अडकतात. कोकणात सुकट-बोंबील घालतात, ते आधी भिजवून मीठ काढून टाकावं. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराला देऊच नये, त्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माळकरी किंवा शाकाहारी घरात हे सगळं जमणार नाही. तिथे पिशवीत मिळणारं मांजराचं तयार कोरडं खाणं आणावं, त्यात टॉरीन घातलेलं असतं. तेही नको वाटत असेल, तर मनापासून सांगते, मांजर पाळू नका. त्याला आपल्या धर्मात ओढणं त्याच्यावर अन्याय आहे.

पाण्याचं भांडं खाण्यापासून जरा लांब, सावलीत ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन ठिकाणी ठेवा.

रात्री आत

पुणे, नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या उसाच्या पट्ट्यात ज्यांची वस्ती आहे त्यांना बिबट्याचं सांगायला नको. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्याच्या खाण्यात जवळपास ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला, आणि त्यांच्या खालोखाल पाळीव मांजरं होती. परत न आलेल्या पुष्कळ मांजरांचा हिशोब इथे लागतो. भटक्या कुत्र्यांची टोळी आणि रात्रीचा रस्ता हे आणखी दोन वैरी.

यावरचा उपाय सोपा आहे आणि त्यात तुमचाही फायदा आहे. अंधार पडायच्या आत ताटली वाजवा, खायला घाला आणि मांजराला धान्याच्या खोलीत बंद करा. उंदीर तिथेच येतात आणि रात्रीच येतात. सकाळी उजाडल्यावर दार उघडा. संध्याकाळचं मुख्य जेवण हीच त्याला आत आणण्याची किल्ली असल्यामुळे सकाळी थोडं आणि संध्याकाळी जास्त द्या. पहाटे जमिनीवर चरणारे होले, लावे, मुनिया यांचाही जीव यामुळे पुष्कळ वाचतो.

मांजर आहे म्हणून साप येणार नाहीत, असं मात्र समजू नका. उंदीर कमी झाले की साप कमी येतात हे खरं, पण कधी मांजर अर्धमेला साप थेट घरात आणून टाकतं. मण्यार रात्री हिंडते आणि मांजर झोपलेलं असताना तुमच्या अंथरुणात येऊ शकते. मच्छरदाणी आणि बॅटरी यांना मांजर हा पर्याय नाही.

दिवसाचे धोकेही आहेत. कठडा नसलेल्या विहिरीवर जाळी टाका. ते जमत नसेल तर निदान पाण्यापर्यंत पोचेल असा जाड दोर कायम सोडून ठेवा. हिवाळ्यात मांजर गाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या गरम इंजिनाशी जाऊन झोपतं, म्हणून चालू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची सवय लावून घ्या. कडब्याच्या गंजीत मांजरी विते. कुट्टी करायला पेंढ्या ओढण्यापूर्वी आत पिल्लं नाहीत ना, हे पाहा.

वाढ रोखणं

मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येते. गाभणकाळ ६३ ते ६५ दिवसांचा. एका वेताला तीन ते पाच पिल्लं होतात, आणि ती अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात दोन-तीन वेतं सहज होतात. मग सुरू होतो तो प्रकार ज्याचा मला फार संताप येतो : पिल्लं पोत्यात घालून बाजारतळावर, एसटी स्टँडमागे किंवा ओढ्याकाठी सोडून येणं. पाळलेलं जनावर उपासमारीला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, डोळेही न उघडलेल्या पिल्लांचं तिथे काय होतं हे सोडून येणाऱ्याला माहीत असतं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्या. बोक्याचीही करा, कारण न केलेला बोका माजाच्या वासाने मैलोन्‌मैल हिंडतो, भांडतो आणि चावे पिकून परततो. शस्त्रक्रियेने शिकार थांबत नाही, भटकणं थांबतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून सोय आहे का ते विचारा. नसेल तर जिल्ह्याच्या गावी लहान जनावरांचे डॉक्टर असतात. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही विचारता येईल. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस मांजर आतच ठेवा, टाके चाटू देऊ नका.

गोठा, शेळ्या, कोंबड्या

गाईम्हशींच्या गोचिडांवर फवारायची औषधं मांजराला मानवत नाहीत. पर्मेथ्रिनसारखी औषधं त्याच्या शरीरात मोडली जात नाहीत. अंगाला झटके येतात आणि जीव जातो. मांजर सतत अंग चाटतं, त्यामुळे पायाला लागलेलंही पोटात जातं. गोठा फवारला की तो कोरडा होईपर्यंत मांजर बाहेर ठेवा, आणि त्याच्या पिसवांसाठी गोठ्यातली बाटली कधीही उचलू नका. फिनेलचंही तसंच, मांजर जिथे वावरतं तिथली जमीन साध्या साबणाने पुसा. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. माणसाचं कुठलंही औषध पशुवैद्याला न विचारता देऊ नका.

शेळ्या-मेंढ्या असतील तर आणखी एक गोष्ट जपा. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात गेला तर गाभण शेळ्या गाभडतात. नव्याने उंदीर खाऊ लागलेलं लहान मांजर तो जंतू पहिल्या लागणीनंतर काही आठवडे बाहेर टाकतं, पुढे सहसा टाकत नाही. म्हणजे दरवर्षी नवी पिल्लं होत राहणाऱ्या वस्तीपेक्षा दोन मोठी, शस्त्रक्रिया झालेली मांजरं असलेली वस्ती शेळ्यांसाठी सुरक्षित. मांजराला विष्ठेसाठी आडोशाला भुसभुशीत वाळूची जागा करून द्या, म्हणजे ते वैरणीत जाणार नाही, आणि ती जागा रोज साफ करा, कारण विष्ठेतला जंतू लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिच्याकडे नको. मांजर घालवून द्यायची मात्र गरज नसते.

कोंबड्यांची पिल्लं अंगावर पिसं भरेपर्यंत डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवा. मोठ्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही.

मांजर चावलं किंवा त्याने ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रेबीजच्या इंजेक्शनांचं डॉक्टरांना विचारा. आपलंच मांजर आहे म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

उसात सापडलेली पिल्लं

तोडणीच्या हंगामात उसाच्या फडात ठिपकेदार पिल्लं सापडतात आणि कुणीतरी ती मांजराची म्हणून घरी नेतं. ती बहुधा वाघाटीची किंवा रानमांजराची असतात, कधी बिबट्याचीही. वाघाटी जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक आहे, पूर्ण वाढलेलीही दीड किलोच्या आसपासच भरते. या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना पाळणं गुन्हा तर आहेच, शिवाय ती माणसाळत नाहीत आणि घरच्या दुधावर मरतात. पिल्लं दिसली की तेवढ्या भागातली तोडणी थांबवा, हात लावू नका आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याच जागी ठेवली तर आई बहुतेकदा रात्री येऊन घेऊन जाते. पाळलेल्या मांजरांचे आजार या रानातल्या भाऊबंदांनाही लागतात, म्हणून आपल्या मांजराची लस त्यांच्यासाठीही आहे. हे सगळं तोडणीच्या टोळीला पहिला कोयता चालण्याआधी सांगा, आणि टोळीतल्या मुलांना विशेषकरून सांगा, कारण पिल्लं आधी त्यांनाच दिसतात.